पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम हा भाग मराठी वाचकास अगदीच परका नाही. येथील काडू मल्लेश्वर या शिवमंदिरात इ.स. १६६९ चा एक शिलालेख असून तो शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांच्या दानाशी संबंधित आहे. कन्नड भाषेत ‘काडू’ म्हणजे रान. ते रान आता उरलेले नाही. १८८९ साली येथे नवी वसाहत आखण्यात आली, १८९८ च्या प्लेगनंतर वस्ती दाट होत गेली आणि आज येथील संपिगे रस्ता व त्याला छेदणारे आडवे रस्ते फुले, रेशमी वस्त्रे आणि दागिने यांच्या दुकानांनी गजबजलेले असतात. ‘संपिगे’ म्हणजे चाफा. रस्त्याच्या नावातच फूल आणि रंग असलेला असा हा परिसर आहे.

अशा ठिकाणी छायाचित्रकारास कामाची उणीव नसते. लग्नसमारंभ असतात, साड्यांची छायाचित्रे काढून ती परगावच्या ग्राहकांकडे पाठवावयाची असतात, घरातील वृद्धांची चित्रे मोठी करून चौकटीत बसवावयाची असतात. या सर्व कामांत एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. साडी डाळिंबी होती, छापील चित्रात ती विटकरी आली. शालू मोरपंखी होता, तो मळकट हिरवा दिसू लागला. साडीच्या बाबतीत फार तर व्यवहार फिसकटतो. परंतु दिवंगत आईचे चित्र छापून आणावे, त्यात तिचा सावळा चेहरा तांबूस वा राखी उमटावा आणि घरच्यांनी ते भिंतीवर लावण्यासच नकार द्यावा, तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. ते चित्र पुन्हा काढता येणार नसते.

अशा वेळी छायाचित्रकार म्हणतो, संगणकाच्या पडद्यावर रंग अगदी बरोबर होता, बिघडवला तो छापणाऱ्याने. छापणारा म्हणतो, जे आले तेच छापले. बहुतेक प्रसंगी दोघेही खरे बोलत असतात. दोष असतो तो दोघांच्या मध्ये हरवलेल्या एका माहितीचा, आणि ती माहिती पुरवण्याचे काम रंगप्रोफाइल करते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम पडदा आणि कागद यांतील मूळ फरक ध्यानात घेतला पाहिजे.

पडदा स्वतः प्रकाश देतो. त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे अतिसूक्ष्म दिवे दाटीने बसवलेले असतात. सर्व विझले की काळा, सर्व पूर्ण तेजाने पेटले की पांढरा, आणि लाल व हिरवा पेटून निळा विझलेला असला की पिवळा रंग दिसतो. कागदाचे सर्व काही उलट आहे. तो मुळातच पांढरा असतो; त्यावर पडलेल्या प्रकाशातील काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला भाग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आकाशी छटेची सायन शाई लाल प्रकाश शोषते, गडद गुलाबी मॅजेंटा शाई हिरवा शोषते, पिवळी शाई निळा शोषते. तिन्ही एकत्र आल्या तर काळपट रंग होतो, व खरा काळा मिळवण्यासाठी चौथी काळी शाई वापरावी लागते. पडदा प्रकाश मिळवत जातो, शाई प्रकाश वजा करत जाते. तेव्हा पडद्यावरील चित्र कागदावर ‘उतरवणे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. ते चित्र खरे म्हणजे दुसऱ्या पद्धतीने नव्याने घडवावे लागते.

त्यातून संगणकाला रंग असा कळतच नाही. त्याला कळतात त्या संख्या. चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, सामान्यतः तीन संख्या साठवलेल्या असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते. अशा तीन संख्यांच्या १,६७,७७,२१६ जोड्या होतात. ही संख्या मोठी भारदस्त वाटते, पण तिच्यात एक पोकळी आहे. ‘२५५, ०, ०’ याचा अर्थ इतकाच की लाल दिवा पूर्ण पेटवावा. कोणता लाल? तांबडा की शेंदरीकडे झुकणारा? किती तेजस्वी? याविषयी ती संख्या मौन पाळते. दूरदर्शन संचांच्या दुकानात ओळीने मांडलेल्या संचांवर एकच कार्यक्रम चालू असतो आणि प्रत्येक संचावर निवेदिकेच्या साडीचा रंग वेगळा दिसतो, त्याचे कारण हेच. संदेश एक, पण तो प्रत्येक यंत्र आपल्या बोलीत वाचते.

भाषेतही असे घडते. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षणासाठी वापरतात. मराठीत आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ दंड असा होतो. केवळ अक्षरे पाहून अर्थ सांगता येत नाही. शब्द कोणत्या भाषेतला आहे हे आधी ठाऊक असावे लागते. रंगाच्या संख्येसोबत ‘ही संख्या अमुक भाषेतली आहे’ असे सांगणारी जी चिठ्ठी जोडली जाते, तिलाच रंगप्रोफाइल असे म्हणतात.

परंतु एका भाषेतून दुसरीत जावयाचे तर दोहोंचा अर्थ ठरवणारे काहीतरी समान प्रमाण हवे. रंगांच्या बाबतीत हे प्रमाण यंत्रात नसून माणसाच्या डोळ्यात शोधावे लागले. पिवळ्या फुलाची पाकळी निळा प्रकाश शोषते आणि हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा सारा प्रकाश परत पाठवते. पडद्यावर मात्र लाल आणि हिरवा या दोनच दिव्यांनी पिवळा रंग दाखवला जातो. दोन्ही ठिकाणचा प्रकाश भिन्न. तरी डोळ्यास दोन्ही सारखेच पिवळे भासतात. डोळ्याची ही मर्यादा नसती तर रंगीत छायाचित्रण, दूरदर्शन आणि रंगीत छपाई यांपैकी काहीच शक्य झाले नसते!

या विषयाचा एक थोर अभ्यासक मल्लेश्वरमशी जोडलेला आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ‘पंचवटी’ हे घर याच भागात आहे. १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९७० साली त्यांचे निधन झाले ते याच शहरात. आयुष्याच्या उत्तरार्धात रामन फुलांच्या रंगांकडे वळले. पाकळ्यांवरून येणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांनी पाहिले आणि दृष्टीविषयीचे आपले विचार १९६८ च्या ‘द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन’ या ग्रंथात मांडले. डोळ्यात तीनच प्रकारचे रंगग्राहक असतात हा प्रचलित सिद्धान्त त्यांना मान्य नव्हता. विज्ञानाने मात्र या बाबतीत त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. १९६४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दृष्टिपटलातील एकेका शंकुपेशीवर प्रयोग करून असे तीन प्रकार प्रत्यक्ष मोजून दाखवले होते. थोरांचे मतही मोजमापापुढे तपासले जाते, हे येथे दिसते.

तीन ग्राहक असल्यामुळेच कोणताही रंग तीन संख्यांनी सांगता येतो. इंग्लंडमध्ये १९२० नंतरच्या दशकात राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. पडद्याच्या एका अर्ध्या भागावर एक रंग दाखवावयाचा व दुसऱ्या अर्ध्या भागावर तीन दिव्यांच्या मिश्रणातून तो हुबेहूब जुळवावयास सांगावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. दोघांचे मिळून प्रयोगास बसलेले लोक होते अवघे सतरा. त्या सतरा जणांच्या डोळ्यांवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला आणि जगभरातील रंगमापन आजही त्या पायावर उभे आहे. १९७६ साली त्याच आयोगाने ‘लॅब’ नावाची मोजणी प्रसिद्ध केली. तीत पहिली संख्या उजळपणा सांगते, दुसरी रंग हिरव्याकडे की लालीकडे झुकतो ते, आणि तिसरी निळ्याकडे की पिवळ्याकडे ते सांगते. ही मोजणी कोणत्याही यंत्राची नाही. म्हणूनच यंत्रायंत्रांमधील मध्यस्थ भाषा म्हणून ती चालते.

असे मापन हाती येण्यापूर्वी सारी भिस्त कारागिराच्या नजरेवर होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथे मूळ तैलचित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करीत आणि एकावर एक छाप देत चित्र पूर्ण करीत. कोणत्या दगडावर कोणती शाई व किती दाट, हे अनुभवी डोळाच ठरवी. महाराष्ट्रातील असंख्य घरांनी लक्ष्मी-सरस्वतीची जी रूपे पाहिली ती कॅनव्हासवरची नव्हेत, या दगडांवरची होत. दादासाहेब फाळके हेही चित्रपटांकडे वळण्यापूर्वी मुद्रणाच्या व्यवसायात होते आणि तिरंगी छपाईचे तंत्र व यंत्रे मिळवण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस गेले होते. रंग कागदावर बरोबर यावा यासाठी त्या काळी एखाद्याने समुद्र ओलांडावा लागे.

संगणक आल्यावर अडचण नव्याने उभी राहिली, कारण आता कॅमेरा एका कंपनीचा, पडदा दुसऱ्या, छपाईयंत्र तिसऱ्या कंपनीचे असे होऊ लागले. १९९३ साली काही प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कॉन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. तिचेही लघुरूप आयसीसी असेच आहे, क्रिकेटशी मात्र तिचा काही संबंध नाही. कोणत्याही यंत्राचा रंगस्वभाव एका ठरावीक नमुन्यात लिहून ठेवावा, म्हणजे कोणताही संगणक तो वाचू शकेल, अशी तिची योजना होती. हे लिखित वर्णन म्हणजे आयसीसी प्रोफाइल. ती एक छोटी फाइल असते. ‘या यंत्राला अमुक तीन संख्या दिल्या तर प्रत्यक्षात लॅब मोजणीतला अमुक रंग उमटतो’ असे कोष्टक वा सूत्र तीत असते. प्रोफाइल चित्र सुंदर करीत नाही. खराब उजेडात काढलेले चित्र ते तितक्याच प्रामाणिकपणे खराब छापील. हे पुष्कळांस ठाऊक नसते आणि मग अपेक्षाभंग होतो.

पहिली पायरी पडद्याची. ज्या पडद्यावर विसंबून छायाचित्रकार रंग सुधारतो, तोच जर निळसर असेल तर तो नकळत चित्रात पिवळेपणा भरतो आणि छापून आल्यावर चकित होतो. यावर उपाय म्हणून पडद्यावर ठेवावयाचे एक लहान मापक उपकरण मिळते. पडदा अर्धा तास चालू ठेवून स्थिर झाला की संगणक एकामागून एक ठरावीक रंग दाखवतो, उपकरण ते प्रत्यक्षात कसे उमटले हे मोजते आणि त्यावरून त्या पडद्याचे प्रोफाइल तयार होते. दुकानात झळाळून दिसावा म्हणून पडदा अतिशय तेजस्वी ठेवून विकला जातो. छपाईच्या कामासाठी तो बराच मंद करावा लागतो. ‘छापील चित्र काळवंडले’ या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी केवळ पडद्याचे तेज कमी केल्याने नाहीशा होतात, आणि त्यास पैसाही पडत नाही.

छपाईयंत्राचे प्रोफाइल निराळ्या रीतीने बनते. शेकडो लहान रंगचौकटी असलेले एक नमुनापत्र, यंत्राची सर्व स्वयंचलित रंगसुधारणा बंद करून, छापतात. शाई पूर्ण वाळू देतात, कारण ओल्या शाईचा रंग वाळल्यावर थोडा बदलतो. मग वर्णपटमापकाने प्रत्येक चौकट मोजली जाते. मागितलेला रंग आणि मिळालेला रंग यांची ही सविस्तर जंत्री म्हणजेच त्या छपाईचे प्रोफाइल. येथे ‘त्या छपाईचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रोफाइल एकट्या यंत्राचे नसते. यंत्र, शाई आणि कागद या तिघांचे मिळून ते असते. चकचकीत कागदावरून खरखरीत कागदावर गेले, की प्रोफाइल बदलावेच लागते. खरखरीत कागद शाई आत ओढतो, आणि त्यावर काळा रंग तितका गडद येत नाही.

मोजणीची ही उपकरणे प्रत्येक लहान दुकानास परवडतील असे नाही. परंतु अनेक कागद-उत्पादक आपल्या कागदांची प्रोफाइले विनामूल्य देतात, आणि बाहेरून छापून घेणाऱ्याने लॅबला दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होते: फाइल कोणत्या रंगावकाशात हवी, आणि यंत्राची स्वयंचलित सुधारणा बंद ठेवता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘एसआरजीबी’ असे येते. हे १९९६ साली सुचवले गेलेले व १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेले रंगावकाश आहे. सामान्य पडदे डोळ्यांपुढे ठेवून ते आखले गेले. दुसरे ‘अ‍ॅडोबी आरजीबी’, १९९८ चे. त्यात विशेषतः हिरव्या व मोरपंखी बाजूचे अधिक गडद रंग मावतात. हौसेने कॅमेऱ्यात हे दुसरे निवडावे, फाइल तशीच लॅबला द्यावी आणि लॅबच्या यंत्राने प्रोफाइलकडे न पाहता सर्व फाइली एसआरजीबीच आहेत असे धरून चालावे, म्हणजे फिकट आणि निस्तेज चित्रे हाती येतात. मोरपंखी शालू मळकट होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. फाइल पाठवण्यापूर्वी ती एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावी व प्रोफाइल तीत अंतर्भूत करून ठेवावे. प्रोफाइल रूपांतरित करणे आणि नुसती चिठ्ठी बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत अर्थ कायम राहून संख्या बदलतात; दुसरीत संख्या त्याच राहून अर्थ बदलतो, म्हणजेच रंग बिघडतो.

याच्या उलट चूकही होते. घरच्या छपाईयंत्रावर छापताना चित्रसंपादनाचा प्रोग्राम एकदा रूपांतर करतो आणि छपाईयंत्राचा स्वतःचा प्रोग्राम त्यावर पुन्हा आपली सुधारणा करतो. भाषांतराचे पुन्हा भाषांतर झाल्यावर जे होते तेच येथे होते, चेहरे लालसर होतात. दोघांपैकी एकाने काम करावे आणि दुसऱ्याने गप्प राहावे.

एवढे करूनही काही रंग कागदावर येतच नाहीत. झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा, काही जांभळे असे रंग पडद्यावर असतात, पण शाईच्या आवाक्यात नसतात. अशा वेळी काय करावयाचे हे वापरणाऱ्यास ठरवावे लागते. सभागृह लहान आणि पंगत मोठी असेल तर दोन उपाय असतात. एक, सर्वांनीच थोडे थोडे सरकून आत बसावे. दुसरा, आत मावलेल्यांनी आपापल्या जागी राहावे व उरलेल्यांना दाराशी दाटीवाटीने बसवावे. पहिल्या उपायास ‘पर्सेप्च्युअल’ व दुसऱ्यास ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ असे म्हणतात. पहिल्यात सर्वच रंग किंचित सौम्य होतात, पण त्यांचे परस्परसंबंध टिकतात. दुसऱ्यात मावणारे रंग अचूक राहतात, मात्र दाराशी कोंबलेले रंग एकसारखे होऊन बसतात व गर्द शालूच्या निऱ्या दिसेनाशा होतात. माणसाच्या चेहऱ्याचे रंग सहसा शाईच्या आवाक्यात असतात, म्हणून व्यक्तिचित्रास दुसरा उपाय बरा. छापण्यापूर्वीच पडद्यावर छपाईचे प्रोफाइल लावून असा परिणाम पाहण्याची सोय अनेक प्रोग्राममध्ये असते. तिला ‘सॉफ्ट प्रूफ’ असे नाव आहे. कागद वाया जाण्याआधी निराशा पडद्यावरच उरकून घेता येते.

चेहऱ्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. फिल्मच्या काळात लॅबमधील यंत्रे जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पुरवीत असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीचा वर्ण नीट आला की यंत्र बरोबर, असा हिशेब. त्यामुळे सावळ्या व काळ्या वर्णाचे चेहरे सपाट आणि मळकट उमटत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड निघावयास १९९० नंतरचे दशक उजाडले. आजचे नमुनापत्र चेहऱ्याचे नसून रंगचौकटींचे असते आणि मापकाला गोरा-सावळा हा भेद ठाऊक नसतो. पण लॅबच्या यंत्रातील स्वयंचलित सुधारणा चेहरा ओळखून तो उजळ करू पाहते, आणि मग सर्व प्रोफाइल व्यर्थ ठरते. लॅबला विचारावयाचा दुसरा प्रश्न त्यासाठीच आहे. मराठीत सावळा, गव्हाळ, निमगोरा असे किती तरी शब्द आहेत. छापील चित्राने निदान तेवढे भेद तरी राखावयास हवेत.

छापील प्रत हाती आल्यावर ती कोणत्या उजेडात पाहावयाची, हाही मोठाच मुद्दा आहे. साडीच्या दुकानात गेलेल्या स्त्रिया ब्लाउजपीस जुळतो की नाही हे पाहण्यासाठी कापड दाराशी उजेडात नेतात. रंगशास्त्राच्या दृष्टीने ही अत्यंत योग्य रीत आहे, कारण दोन निराळ्या रंगद्रव्यांचे कापड दुकानाच्या दिव्याखाली जुळते आणि उन्हात जुळत नाही, असे होऊ शकते. पिवळ्या बल्बखाली पाहिलेले चित्र उबदार, स्वस्त ट्यूबलाइटखाली हिरवट दिसते. छपाईच्या क्षेत्रात प्रत तपासण्यासाठी ५००० केल्विन रंगतापमानाचा दिवा प्रमाण मानतात व प्रोफाइलेही त्याच प्रकारच्या उजेडासाठी बनवली जातात. तसा दिवा नसेल तर दिवसा, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीजवळ प्रत पाहावी. चित्र जेथे कायम टांगावयाचे आहे तेथील दिवा निराळा असेल, तर लहान नमुना छापून तो तेथेच एकदा पाहून घेणे हिताचे.

एका गोष्टीपुढे मात्र प्रोफाइल हात टेकते. ती म्हणजे जर आणि सोने. सोन्याची ओळख त्याच्या पिवळेपणात नसून चमकेत असते. मान किंचित हलवली की त्याचा उजळ भाग सरकतो. मापक मात्र ठरावीक कोनातूनच रंग मोजतो आणि शाईला चमक येत नाही, म्हणून पैठणीचा पदर कागदावर मातकट तपकिरी उमटतो. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रशैलीत सोन्याच्या वर्खाचे काम असते. अशा चित्राची प्रतिकृती काढतानाही हीच अडचण येते. तेथे कौशल्य वापरावे लागते ते छायाचित्र काढतानाच. दिवा बाजूने असा लावतात की वर्खाचा एक भाग झळकावा व लगतचा भाग काळोखात राहावा. कागदावर मग सोनेरी शाई नसते, फक्त फिकट पिवळा आणि गडद तपकिरी हे दोन रंग एकमेकांस खेटून असतात, आणि पाहणाऱ्यास तेथे धातू दिसतो.